डोक्यात किडा, दोष डुकराचा

मागच्या वर्षी जूनमधली गोष्ट. ऑफिसात दुपारचा चहा घेत होतो आणि डावा हात आपोआप झटके मारायला लागला, म्हणजे मी बघतोय आणि हात माझा नाहीच असं वाटत होतं, कप खाली पडला, चहा शर्टावर, त्यानंतरचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा कोणीतरी नाकाला कापलेला कांदा लावलेला आणि दुसरा एकजण चप्पल घेऊन उभा 😄 (असं काही करू नका प्लीज, माणसाला कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका, बास.)

सीटी झाला, मग इंजेक्शन देऊन एमआरआय. रिपोर्टमध्ये मेंदूत उजव्या बाजूला एक छोटी रिंग. डॉक्टर म्हणाले टीबीची गाठ असू शकते नाहीतर टेपवर्मची (लांब चपट्या जंताची) सिस्ट, म्हणजे त्याच्या अळीची पिशवी, त्याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात, आणि तुमचा फोटो बघून सिस्टच वाटतेय. मग विचारलं, पोर्क खाता का? आम्ही वसईचे कॅथलिक, लग्नात आणि ख्रिसमसला पोर्कचं इंदियाल नसेल तर जेवण झालंच नाही असं मानणारी माणसं. हो म्हणालो.

हे मावशीला कळलं आणि संपलं सगळं. मावशी लग्नानंतर शब्बाथ पाळणाऱ्या मंडळीत गेली, तिच्या घरी पोर्क नाही, कोळंबी नाही, चिंबोरी नाही, शनिवारी काम नाही. हॉस्पिटलात आली ती बायबल घेऊनच. लेवीय 11 काढून माझ्या उशाशी वाचायला लागली, खूर दुभंगलेले पाहिजेत आणि रवंथही केलं पाहिजे, डुकराचे खूर दुभंगलेले पण रवंथ करत नाही म्हणून अशुद्ध, पाण्यातलं पंख आणि खवले असलेलंच खायचं. "देवाने साडेतीन हजार वर्षांपूर्वी सांगितलं होतं बाबा, आता एमआरआय सांगतोय." आई गप्प. मीही गप्प, कारण आतून मलाही पटलं होतं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांना हेच विचारलं. ते हसले आणि म्हणाले, उलटं आहे. अर्धं कच्चं पोर्क खाल्लं तर आतड्यात मोठा टेपवर्म होतो. मेंदूतली सिस्ट मांसातून येत नाही, ती होते त्या टेपवर्मची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती अंडी असतात माणसाच्या विष्ठेत. म्हणजे न धुतलेली कोथिंबीर, गाडीवरची कापलेली काकडी, घाण पाणी, नाहीतर ज्याच्या पोटात टेपवर्म आहे आणि जो हात न धुता स्वयंपाक करतो तो माणूस. शुद्ध शाकाहारी लोकांनाही हा आजार होतो म्हणे. डुक्कर बिचारं आपली माणसांचीच घाण खाऊन आजारी पडतं!

मग घरात सगळ्यांची स्टूल टेस्ट करायला सांगितली. मावशी आठवड्यातून दोनदा आमच्याकडे स्वयंपाकाला हात लावते, म्हणून तिलाही. "मी पंचवीस वर्षं पोर्कला शिवले नाही!" पण डबी द्यावी लागली. सगळ्यांचे रिपोर्ट क्लिअर आले, मला कुठून लागलं ते कळलंच नाही, माझा संशय स्टेशनबाहेरच्या सँडविचवर आहे.

ट्रीटमेंटबद्दल लिहितो, कुणाला उपयोग होईल. आधी डोळे तपासले, कारण सिस्ट डोळ्यात असेल आणि गोळी सुरू केली तर नजरेला धोका असतो. मग अल्बेन्डाझोल, म्हणजे जंत मारायची गोळी, दिवसातून दोनदा, चांगलं तेलतूप असलेल्या जेवणाबरोबर, तसं नीट शोषलं जातं म्हणून. सोबत स्टिरॉइड, कारण किडा मरताना भोवती सूज येते. आणि फिटची गोळी, ती एकही दिवस चुकवायची नाही. बाईक बंद, पोहणं बंद. स्टिरॉइडने रात्री दोनला भूक लागायची आणि झोप नाही, मग मी तेव्हा बायबलच वाचायचो, मावशी ठेवून गेली होती ना.

आणि खरं सांगतो, मावशीचं सगळंच चूक नाही. मातीच्या भांड्यात मेलेला उंदीर वगैरे पडला तर भांडं फोडून टाका असं तिथंच लिहिलंय, हे तर आजही बरोबर. पण पुढे बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 14:21 वाचलं आणि उठून बसलो. आपोआप मेलेलं जनावर तुम्ही खाऊ नका, गावातल्या परक्याला द्या नाहीतर विका. आता हा नियम तब्येतीसाठी असता तर परक्याला काय विष द्यायचं होतं? फादरना विचारलं, ते म्हणाले अशुद्ध म्हणजे विषारी नाही, ती देवासाठी वेगळं राहण्याची खूण होती, लेवीयच्या पुढच्याच अध्यायात बाळंतीण बाईलाही अशुद्ध म्हटलंय, ती काय आजारी असते? आणि मग प्रेषितांची कृत्ये 10, यापोत येशूचा शिष्य पेत्र याला दृष्टान्तात दिसलेली चादर, तिच्यात सगळ्या प्रकारची जनावरं आणि वरून आवाज, मारून खा. मावशी म्हणते ती चादर माणसांबद्दल आहे, यहुदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी जायला पेत्र कचरू नये म्हणून. पेत्र स्वतःही तसंच सांगतो, त्यामुळे यावर मी तिच्याशी वाद घालत नाही. पण त्याच शुद्ध यादीतल्या गाईबैलांच्या कच्च्या मांसातूनही टेपवर्म होतो, तेव्हा शिजवायचं नीट हे दोन्हीकडे लागू.

सहा महिन्यांनी परत एमआरआय केला. रिंग गेली, एक पांढरा ठिपका राहिलाय, फिटची गोळी अजून चालू आहे. जानेवारीत मामेभावाचं लग्न झालं, ताटात इंदियाल घेतलं, दोन तास शिजलेलं, वाफा येत होत्या. सॅलडची प्लेट मावशीकडे सरकवली. तिने काकडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि प्लेट तशीच पुढे काकांकडे सरकवली.