ड्राय आइस, डांबर आणि बाबांचा कान

गेल्या शनिवारी शेजारच्या आजोबांनी मला दंडाला धरून माझ्याच गाडीतून बाहेर काढलं. मी ड्रायव्हरच्या पायाशी वाकून, पत्र्यावरचा जुना डांबरी थर काढायला ड्राय आइस पसरत होतो. बाहेर थंडी होती म्हणून गाडीचं एकच दार उघडं आणि गॅरेजचं शटर अर्धं खाली. त्यांनी आधी मला बाहेर ओढलं, मग उरलेली दारं उघडली, डिकी उघडली, शटर पूर्ण वर केलं आणि मगच तोंडातून शब्द काढला. पाच मिनिटं इथेच उभा राहा, मोठे श्वास घे.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. एका किलोतून पाचशे लिटरहून जास्त. हा वायू हवेपेक्षा साधारण दीडपट जड, त्यामुळे खाली साठतो आणि तिथे श्वासाला हवा उरत नाही. गाडीचा फ्लोअर म्हणजे त्याच्यासाठी आयती परात, आणि मी नेमकं त्याच परातीत तोंड घालून बसलो होतो. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही शटर खाली होतं, कारण बोटं गारठली होती.

आधी गाडीबद्दल. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, बंद अवस्थेत घेतली. इथे येऊन सहा वर्षं झाली, त्यातली पहिली पाच नोकरी आणि कागदपत्रांत गेली. बाबांचं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं आणि मी कीबोर्ड धरला. आता हातात पाना घ्यावासा वाटला, तर तो घ्यायला मी घरापासून इतक्या लांब आलोय. लोक विचारतात, एवढी हौस होती तर तिकडेच का नाही शिकलास? तिकडे बाबा होते. ते असताना माझा हात कामाला लागलाच नसता, त्यांनीच अर्ध्या वेळात उरकून टाकलं असतं. निदान मी स्वतःला तरी असंच सांगतो.

गालिचा उचलला तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचं खालचं नमद्यासारखं अस्तर ओलं लागलं. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत होतं, किती वर्षं कोण जाणे. अस्तराखाली कंपनीने चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या, म्हणजे साउंड डेडनिंग. पातळ पत्रा ढोलासारखा थरथरतो. हा जड, चिवट थर ती थरथर स्वतःत घेतो आणि तिची उष्णता करून टाकतो. नवीन असताना उत्तम काम करतो. जुना झाला की त्याला भेगा पडतात, भेगांतून पाणी आत शिरतं आणि मग तोच थर पत्र्यावर ओल धरून बसतो. वेल्डिंग करायचं असेल तर तो काढल्याशिवाय गत्यंतर नाही, ठिणगी पडली की डांबर पेटतं.

मी लगेच खरवडायला घेणार होतो. आजोबांनी अडवलं. जन्मभर गाड्यांच्या पत्र्याचं काम केलेला माणूस, त्यांनी गाडीचं वय विचारलं आणि म्हणाले, एक तुकडा ओला करून काप, पिशवीत बंद कर आणि प्रयोगशाळेत पाठव. काही जुन्या गाड्यांच्या अशा थरांत आणि खालून मारलेल्या अंडरकोटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणजे तंतूंचं खनिज, ज्याची धूळ फुफ्फुसाला घातक. अहवाल येईपर्यंत घासायचं नाही, ग्राइंडर लावायचा नाही, झाडूसुद्धा नाही.

मला प्रचंड राग आला. बारा दिवस गाडी तशीच उघडी पडून होती आणि मी रोज मेल तपासत होतो. आमच्या गॅरेजमध्ये असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. अहवालाची वाट न पाहता बाबांनी शेकडो गाड्या उभ्या केल्या, आणि त्यांच्या हातची गाडी परत आल्याचं मला आठवत नाही. मनातल्या मनात मी आजोबांशी भांडत होतो की तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कागद लागतो, आमच्याकडे माणसाच्या हाताला किंमत असते. बारा दिवस मला हे अगदी खरं वाटत होतं.

अहवाल आला. ॲस्बेस्टॉस नव्हतं. त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि जरा विजयाच्या सुरातच सांगितलं की बघा, उगाच थांबवलं मला. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "अरे, ते ॲस्बेस्टॉस म्हणजे ब्रेकच्या लायनरमध्ये असायचं तेच ना?"

मी म्हटलं, हो, जुन्या लायनरमध्ये असायचं.

"आम्ही ब्रेकचा ड्रम काढला की फुंकून साफ करायचो. कंप्रेसर आला तेव्हा हवेने उडवायचो. तू शाळेतून आलास की तिथेच स्टुलावर बसलेला असायचास."

मला ते स्टूल आठवलं. ड्रम जमिनीवर आपटला की करड्या धुळीचा ढग उठायचा आणि दारातून येणाऱ्या उन्हात तो कितीतरी वेळ तरंगत राहायचा. मला तो आवडायचा. ती धूळ ओल्या फडक्याने पुसायची असते, फुंकायची कधीच नसते. तिचा त्रास वीस-तीस वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना कळत नव्हतं असं नाही, कोणी सांगितलंच नव्हतं. हा फरक मला फार मोठा वाटतो आणि बाबांना कोणी अडाणी म्हटलेलं मी आजही ऐकून घेणार नाही. पण त्या रात्रीपासून आजोबांशी मनातलं भांडण मात्र बंद झालं. "छातीचा एक्स-रे काढून घ्या, डॉक्टरांना गॅरेजचं सगळं सांगा," असं मी बाबांना म्हटलं. "बघू," म्हणाले.

आता काम. पहिल्या शनिवार-रविवारी मी हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, वापरली. डांबर मऊ होतं, स्क्रेपरखाली च्युइंगमसारखं ताणलं जातं, आणि निम्मं पत्र्यावरच राहतं. जास्त तापवलं की धूर आणि घशात खवखव. तारेचा ब्रश ग्राइंडरला लावून पाहिला तर डांबर वितळून चहूकडे उडालं. दोन दिवसांत जेमतेम दोन तळहातांएवढी जागा मोकळी झाली.

ड्राय आइसचं तंत्र उलट आहे. त्याचं तापमान उणे 78.5 अंश. इतक्या थंडीत डांबर काचेसारखं ठिसूळ होतं. शिवाय ते पत्र्यापेक्षा कितीतरी पट जास्त आकसतं, म्हणून पकड आपोआप सुटते. खडे हातोडीने बारीक करून जाड कापडाच्या पिशवीत भरायचे आणि पिशवी पट्टीवर ठेवून द्यायची. पंधरा-वीस मिनिटं काहीच करायचं नाही. इथेच मी घाई करत होतो. आजोबांनी बाहेर दोन खुर्च्या मांडल्या, मला बसवलं, आणि आम्ही गाडीकडे बघत बसलो. थोड्या वेळाने आतून कडकड असा बारीक आवाज आला, तळ्यावरच्या बर्फाला तडा जावा तसा. तेव्हा ते उठले. पिशवी सरकवली, पट्टीवर पांढरं हिम धरलं होतं. रबरी हातोडीचा एक हलका ठोका दिला आणि ताटाएवढा तुकडा सुटून वर आला. खाली कंपनीचा मूळ रंग, जसाच्या तसा.

तिरप्या भागांवर खडे थांबत नाहीत. तिथे चुरा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून लगदा करतात. आम्ही तो बाहेर, उघड्यावर कालवला आणि आसपास ठिणगी पाडणारं काही ठेवलं नाही. कातडी जळण्याइतकी थंडी असते म्हणून हातमोजे जाड, आतून अस्तर असलेले. उडणारे तुकडे काचेसारखे धारदार, म्हणून गोगल. आणि उरलेलं ड्राय आइस घट्ट झाकणाच्या डब्यात कधीच नाही, डबा फुटतो. एक गोष्ट आजोबांनी तीनदा बजावली: पत्र्यांच्या जोडावरची ती रबरासारखी रेघ, सीम सीलर, तिला हात लावायचा नाही. ती आवाजासाठी नसते, पाणी आत येऊ नये म्हणून असते. दोन्ही दिसायला सारखीच काळपट, त्यामुळे लोक उत्साहात तीही उचकटतात. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहेत त्यांनी सीट काढण्याआधी बॅटरी सोडून थोडा वेळ थांबावं. माझ्या गाडीत त्या नाहीत.

डाव्या बाजूचं सगळं दुपारपर्यंत निघालं. वजन केलं, 4 किलो 300 ग्रॅम. उरलेले काळे डाग मिनरल टर्पेंटाइन आणि फडक्याने गेले. पेट्रोलने पुसतात काही जण, बंद जागेत ते म्हणजे आगीला बोलावणं. मग उजवीकडे, ड्रायव्हरच्या पायाखाली, खरा धक्का बसला. आधीच्या मालकाने तिथे नवीन पट्टी चिकटवली होती, वर चंदेरी फॉइल असलेली. ती निघाली तर खाली गंज, गंजावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, लांबीवर रंग. छिन्नी टेकवली आणि ती आरपार गेली. ज्या जागी माणसाचे पाय असतात तिथे हे झाकून ठेवलं होतं. याचा मला अजूनही संताप येतो. गंज कोणाच्याही गाडीला लागतो, पण तो झाकायला मुद्दाम हात चालवावा लागतो.

रात्री बाबांना कॅमेऱ्यातून सगळं दाखवलं. त्यांना चित्र नीट दिसत नव्हतं. म्हणाले, "दाखवू नकोस, वाजव." मी मोबाइल फ्लोअरवर ठेवला आणि बोटांच्या पेरांनी ठोकत सरकलो. पट्टी शाबूत तिथे थप. मोकळा पत्रा तिथे टण्ण. मध्ये एके ठिकाणी ते म्हणाले, "थांब. मागे ये. परत." मला दोन्ही आवाज सारखेच वाटले होते. "इथे पट्टी दिसतेय ना तुला? ती सुटलीय, खाली हवा आहे. हवा आहे तिथे पाणी असणार." दुसऱ्या दिवशी तिथे पिशवी ठेवली. पट्टी उचलली तर खाली रुपयाएवढा ओला, तांबूस ठिपका.

आजोबांना सांगितलं. त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून, बाजूच्या शाबूत पट्ट्यांवर आणि मोकळ्या पत्र्यावर आलटून पालटून ठोकून पाहिलं. मग विचारलं, तुझे वडील कुठल्या वेळेला जागे असतात.

आता रविवारी उजवीकडचा सडका पत्रा कापायचा आहे. त्या जागी नवा तुकडा जोडून गंज रोखणारा एपॉक्सी प्रायमर, जोडांवर नवीन सीम सीलर, आणि त्याआधी काचेचं रबर, नाहीतर सगळं परत ओलं. नवीन पट्ट्या पूर्ण फ्लोअरभर लावणार नाही. थरथर थांबवायला पत्र्याच्या साधारण पाव भागावर लावल्या तरी बरंच काम होतं. त्या पाव भागाची जागा बाबा ठोकून घेऊन ठरवणार आहेत. आजोबा सकाळी नऊला येतो म्हणालेत, बाबांकडे तेव्हा दुपार असेल. बाबांनी एक्स-रेची तारीख अजून घेतलेली नाही.