सोसायटीचे कागद, एक पेनड्राइव्ह आणि सेव्हन-झिप

पुनर्विकासाचं ठरलं की सेक्रेटरीच्या मागे पहिलं काम लागतं ते कागद गोळा करण्याचं. मुलुंड पूर्वेला आमची तळमजला अधिक तीनची जुनी इमारत. मंजूर नकाशे, कन्व्हेयन्स डीड, प्रॉपर्टी कार्ड, इतिवृत्तं, सभासदांचे आधार-पॅन, सगळं स्कॅन करून आर्किटेक्टकडे द्यायचं होतं. त्याआधी त्यांच्याकडून आमच्याकडे एक आरएआर फाइल आली, म्हणजे झिपसारखंच, अनेक फायली दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं, आणि ती माझ्या लॅपटॉपवर उघडेना.

"ताई, विनरार टाका की," खजिनदार म्हणाले. विनरार हे खरं तर विकतचं. ४० दिवस वापरून बघायला देतात. पुढेही चालतं, फक्त पैसे भरा म्हणून खिडकी येत राहते. घरी ज्याचं तो बघेल, पण जिथे ऑडिटर पाण्याच्या टँकरचीही पावती मागतो तिथे असलं उधारीचं सॉफ्टवेअर मला नको होतं. मी सेव्हन-झिप घेतलं, तेही अशी गाठोडी बांधायचं-उघडायचंच सॉफ्टवेअर. इगोर पाव्हलोव्ह या रशियन प्रोग्रॅमरने ते १९९९ साली आणलं, अजूनही तोच सांभाळतो, आणि ऑफिसातही फुकट चालतं. ते सेव्हन-झिप डॉट ऑर्ग (7-zip.org) या त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवावं. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नये. मेनू मराठीतही करता येतो. विंडोज ११ मध्ये राइट क्लिक केल्यावर ते पटकन दिसत नाही, 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत दडलेलं असतं.

आरएआर ते उघडतं, पण तयार करत नाही; आम्हाला उघडण्याशीच मतलब. उघडताना 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' दाबलं तर आतलं सगळं डाउनलोड्समध्ये सांडतं आणि मग नकाशे कुठले, विजेची बिलं कुठली, हे निवडत बसावं लागतं. त्याखालचा पर्याय फाइलच्याच नावाचा वेगळा फोल्डर करून देतो. मी नेहमी तोच घेते.

खरी गंमत आमचे कागद बांधताना आली. खजिनदारांची अपेक्षा अशी की झिप केलं की सगळं निम्मं होणार. नकाशांच्या बाबतीत त्याहून बरंच जास्त झालं. स्कॅनिंगवाल्याने ते काळ्या-पांढऱ्या बीएमपीत दिले होते, एकेक नकाशा सतरा-अठरा एमबीचा. अशा चित्रात बहुतेक जागा कोरी असते, आणि फाइल मात्र प्रत्येक पांढरा ठिपका वेगळा लिहून ठेवते. 'पांढरा, पांढरा, पांढरा' असं लाखभर वेळा लिहिण्याऐवजी 'पांढरा, लाख वेळा' एवढंच लिहिलं तर काम भागतं. कॉम्प्रेशनचं मूळ तेवढंच. नकाशे एमबीच्याही आत आले. आधार-पॅनचे जेपीईजी फोटो मात्र जवळजवळ होते तेवढेच राहिले. ते आधीच दाबून झालेले असतात. वर्ड आणि एक्सेलच्या फायलींचंही तेच, कारण वर्डची डॉक्सएक्स काय किंवा एक्सेलची एक्सएलएसएक्स काय, आतून झिपच असते. प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटी 'डॉक्सएक्स'च्या जागी 'झिप' लिहा आणि उघडा, आत फोल्डर दिसतील. मी हे खजिनदारांना करून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. "म्हणजे माझी एक्सेल आधीच पिळून निघालीय म्हणा!"

सगळ्यात जड निघालं ते विशेष सर्वसाधारण सभेचं चित्रीकरण. पुनर्विकासाच्या सभेचं व्हिडिओ शूटिंग करावंच लागतं, आणि आमची सभा किती लांबली ते न विचारलेलं बरं. व्हिडिओ दाबला जात नाहीच, वर पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. जागा रिकामी असूनही 'फाइल फार मोठी' म्हणून नाही म्हणतं. पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा नव्हता, त्यावर दुसरं सामान होतं. मग 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स'मध्ये तुकड्याचा आकार भरला. ००१, ००२ असे तुकडे पडतात. पलीकडच्याने सगळे एका फोल्डरात ठेवून ००१ उघडला की व्हिडिओ सलग निघतो. एक जरी तुकडा हरवला तर तो पुरा निघत नाही, हे आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या मुलीला फोनवर बजावून सांगितलं. व्हिडिओसाठी लेव्हल 'स्टोअर' ठेवली, म्हणजे न दाबता नुसतं बांधायचं. 'अल्ट्रा' लावून लॅपटॉप तापवण्यात काही हशील नव्हतं.

बाकी कागदांना सेव्हनझेड हा सेव्हन-झिपचा स्वतःचा फॉरमॅट आणि पासवर्ड. इथे 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करायला विसरू नये. नाहीतर आतलं उघडत नसलं तरी कोणत्या सभासदाचं पॅन कार्ड आहे ते नावांवरून कोणालाही वाचता येतं. ही सोय साध्या झिपमध्ये नाही. पेनड्राइव्हवर टाकून झाल्यावर तिथल्याच फाइलवर 'टेस्ट आर्काइव्ह' चालवलं. कॉपी होताना काही बिघडलं असेल तर ते इथेच कळतं. पासवर्ड पेनड्राइव्हबरोबर पाठवला नाही, फोनवर सांगितला.

यावर कमिटीत अर्धा तास वाद झाला. एन्क्रिप्शन, म्हणजे फाइलचं कुलूप, एईएस-२५६ या भक्कम पद्धतीचं, पासवर्ड विसरला तर 'फरगॉट पासवर्ड'चं बटण नाही, आणि कमिटी तर बदलत राहणार. शेवटी तो कागदावर लिहून पाकिटात घातला, पाकिटावर चेअरमन, खजिनदार आणि मी सह्या केल्या, पाकीट सोसायटीच्या कपाटात ठेवलं आणि तशी नोंद इतिवृत्तात घेतली.