गेला आहे, गेला होता, गेला असेल: स्पॅनिशचे पूर्ण काळ (माझा अनुभव)

स्पॅनिशचे पूर्ण काळ शिकताना मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि मराठी समोर घेतली. ‘गेला आहे, गेला होता, गेला असेल, गेला असता’ ही चारही रूपं तिथे जशीच्या तशी सापडतात: आ इदो, आबिआ इदो, आब्रा इदो, आब्रिआ इदो. ‘इदो’ तसंच राहतं, बदलतं ते ‘आबेर’ हे सहायक क्रियापद.

म्हणून आधी आबेरची वर्तमानकाळातली सहा रूपं पाठ केली: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. लिहिताना प्रत्येकापुढे एच येतो, पण तो उच्चारत नाहीत. ‘आ’ नावाचं वेगळं अव्ययही आहे, त्यामुळे श्रुतलेखनात हा एच हमखास गळतो.

मग कृदंत, म्हणजे ‘गेला’, ‘लिहिलं’सारखं क्रियापदाचं रूप (वरचं ‘इदो’ हे त्यातलंच). ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना आदो, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना इदो: आब्लादो (बोललेलं), कोमिदो (खाल्लेलं), बिबिदो (जगलेलं). अनियमित थोडेच, पण रोज लागणारे: एचो (केलेलं), दिचो (सांगितलेलं), बिस्तो (पाहिलेलं), एस्क्रितो (लिहिलेलं), पुएस्तो (ठेवलेलं), बुएल्तो (परतलेलं), आबिएर्तो (उघडलेलं), रोतो (मोडलेलं), मुएर्तो (मेलेलं). हे मी सुटे पाठ न करता ‘ए’ लावूनच म्हणायचे: ए एचो, ए दिचो, ए बिस्तो. तोंडात जोडीच बसली पाहिजे, कारण या दोहोंच्या मध्ये काहीही शिरत नाही. नकार, सर्वनाम, ‘या’ (आधीच) सगळं जोडीच्या आधी येतं: नो लो ए बिस्तो (मी ते पाहिलेलं नाही). प्रश्नात कर्ता जोडीनंतर येतो: आ येगादो मारिआ? (मारिआ आली आहे का?)

मराठी दगा देते ती लिंगवचनात. आपण ‘चिठ्ठी लिहिली आहे’, ‘पत्रं लिहिली आहेत’ असं कर्माप्रमाणे क्रियापद फिरवतो, म्हणून ‘ए एस्क्रिता ला कार्ता’ अगदी सहज तोंडी येतं. ते चूक. आबेरबरोबर कृदंत कायम ओकारान्त: ए एस्क्रितो ला कार्ता. ‘एस्तार’ (असणे) या क्रियापदाबरोबर मात्र ते फिरतं: ला कार्ता एस्ता एस्क्रिता.

‘ए’वालं रूप कधी वापरायचं हे प्रदेशावर ठरतं. माद्रिदमध्ये आज सकाळच्या न्याहारीला ‘ओय ए देसायुनादो’ म्हणतात, कालच्या न्याहारीला ‘आयेर देसायुने’. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात आजच्यालाही बहुधा ‘देसायुने’च. एक पद्धत निवडून तीच धरावी. ‘तीन वर्षं इथे राहतेय’ याला मात्र पूर्ण काळ लागत नाही: येबो त्रेस आन्योस बिबिएन्दो आकी. इंग्रजीतून आलेले इथे हटकून पूर्ण काळ घालतात.

अंदाजाचं रूप मला सगळ्यात आवडतं. फोन उचलत नाही, झोपला असेल: नो कोन्तेस्ता, से आब्रा दोर्मिदो. मराठी माणसाला यात नवीन काहीच नाही.

जर-तरच्या वाक्यात पुन्हा सावध. ‘माहीत असतं तर गेले असते’ यात आपलं ‘असतं’ दोन्हीकडे येतं, म्हणून आब्रिआही दोन्हीकडे जातं. ‘सि’च्या (जर) भागात ते चालत नाही, तिथे आबेरचंच उबिएरा हे रूप हवं: सि लो उबिएरा साबिदो, आब्रिआ इदो. बोलताना गोंधळ उडाला तर दोन्हीकडे उबिएरा घालावं, तेही शुद्धच आहे.