नल पॉइंटर आणि ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम’: माझा अनुभव

वरुड तालुक्यातल्या आमच्या वावरात बोअरच्या मोटरवर एसएमएसने चालणारे कंट्रोलर बसवलेले आहे. आत एटमेगा३२८पी ही चिप, मेसेज घेणारे एक जीएसएम मॉड्यूल आणि मोटर चालू-बंद करणारा रिले. शेतीची थ्री फेज वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, त्यामुळे ‘ऑन#९०’ असा मेसेज पाठवून घरबसल्या नव्वद मिनिटे पाणी सोडता येणे ही मोठी सोय आहे. आंबिया बहारासाठी बागेचे पाणी काही काळ तोडतात, त्याला ताण म्हणतात; तो ताण पहिले पाणी देऊन तोडायच्या वेळी मात्र ही मोटर कोणी बंद न करता मध्येच थांबू लागली. ताणावर ठेवलेल्या संत्र्याला पहिलेच पाणी अर्धवट मिळाले तर काय होते, हे बागायतदाराला सांगायला नको.

विक्रेत्याच्या सेवा केंद्राचे उत्तर दर वेळी एकच असे: “भाऊ, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर लावा.” आमच्या भागात विजेचा दाब खरोखरच कमी-जास्त होतो, म्हणून हे उत्तर सगळ्यांना पटते आणि तपास तिथेच संपतो. याचा राग मला अजूनही आहे, कारण त्यांचा दावा खरा की खोटा हे चिप स्वतःच सांगू शकते. तिच्यातले एमसीयूएसआर हे रजिस्टर (चिपमधली छोटी नोंदीची जागा) मागचा रीसेट, म्हणजे चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होणे, कशामुळे झाला ते नोंदवते: वीज नव्याने आली, दाब ठरलेल्या पातळीखाली गेला, की वॉचडॉगने (प्रोग्राम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) रीसेट केले. खूप मागे लागून मी सोर्स कोड मिळवला, चिपला मिळणारा दाब २.७ व्होल्टखाली गेला की रीसेट करणारा फ्यूज (चिपमधली कायमची सेटिंग) चालू असल्याची खात्री केली आणि प्रत्येक सुरुवातीला हे रजिस्टर ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून मग ते पुसण्याची सोय केली. (बूटलोडर, म्हणजे मुख्य प्रोग्रामच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम, अनेकदा हे रजिस्टर आधीच पुसून टाकतो, म्हणून प्रोग्राम बूटलोडरशिवाय आयएसपी प्रोग्रामर या उपकरणाने थेट चढवावा.) त्यानंतरही मोटर थांबली, पण ईईप्रॉममध्ये नवी नोंद नव्हती. म्हणजे कंट्रोलर रीसेट झालाच नव्हता. त्याने शुद्धीत राहून मोटर बंद केली होती.

खरा दोष मेसेज वाचणाऱ्या ओळींमध्ये होता. आलेल्या मजकुरात ‘#’ शोधायचे, तिथे शून्य लिहून मजकूर तोडायचा (सी भाषेत शून्य म्हणजे मजकुराचा शेवट) आणि पुढचा आकडा मिनिटे म्हणून घ्यायचा, असे तीन टप्पे होते, आणि हे सगळे पाठवणाऱ्याचा नंबर तपासण्याआधी. सिमवर रिचार्जची जाहिरात आली की त्यात ‘#’ नसे, शोधणारे फंक्शन नल पॉइंटर, म्हणजे ‘सापडले नाही’ या अर्थाचा शून्य पत्ता, परत करी आणि कोड तसाच पुढे जाई. संगणकावर शून्य पत्त्यावर लिहू पाहणारा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिम तिथल्या तिथे मारते. एटमेगामध्ये असे पत्ते राखणारी व्हर्च्युअल मेमरी नाही आणि डेटाचा शून्य पत्ता म्हणजे चक्क आर० हे रजिस्टर आहे. एव्हीआर म्हणजे एटमेगा ज्या कुळातली आहे त्या चिप. त्यांच्यासाठी कोड बांधणारा जीसीसी कंपायलर आर० तात्पुरत्या कामाला वापरतो, त्यामुळे तिथे शून्य लिहिल्याने काही बिघडले नाही. पुढचा पत्ता आर१, ज्यात कायम शून्य असते असे हा कंपायलर गृहीत धरतो. तिथून आकडा वाचायला गेले की रिकामा मजकूर दिसतो, उत्तर येते शून्य मिनिटे, आणि चालू मोटर बंद होते. कुठेही चूक दिसत नाही, काही अडकत नाही. हाच या प्रकारातला सर्वांत घातक भाग आहे.

मी त्याच ओळी लॅपटॉपवर जीसीसीने बांधल्या, जाहिरातीचा मजकूर दिला, आणि प्रोग्राम नेमक्या त्या ओळीवर सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या पत्त्याला हात लावल्याची चूक) देऊन मेला. मजकूर तोडणारा, हिशेब करणारा भाग हार्डवेअरपासून वेगळा ठेवून आधी संगणकावर चालवावा, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. हा पुरावा पाठवल्यावरही सेवा केंद्राने स्टॅबिलायझरचाच सल्ला दिला.

दुरुस्ती छोटी होती. नंबर आधी तपासायचा, ‘#’ सापडले नाही तर मेसेज टाकून द्यायचा आणि उरलेल्या मिनिटांना हात लावायचा नाही. मॅलॉककडून, म्हणजे प्रोग्रामला मागेल तेवढी मेमरी देणाऱ्या फंक्शनकडून, नल आले तर मात्र वेगळे वागावे लागते, आणि २ केबी रॅममध्ये ते येऊ शकते: रिले बंद करावा, ओळ क्रमांक ईईप्रॉममध्ये लिहावा आणि वॉचडॉगला रीसेट करू द्यावे.

आणखी एक गोष्ट वर सांगायची राहिली. फंक्शनचा पत्ता ठेवणारा पॉइंटर नल असताना बोलावला तर एव्हीआर फ्लॅशच्या (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीच्या) शून्य पत्त्यावर उडी मारतो, म्हणजे प्रोग्राम पुन्हा सुरू होतो, पण पोर्ट आणि टायमर जुन्याच अवस्थेत राहतात. अशा वेळी पुसलेले एमसीयूएसआर शून्यच सापडते, आणि शून्य दिसले की तो खरा रीसेट नव्हता असे समजावे. एसटीएम३२एफ४ सारख्या चिपमध्ये एमपीयू, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांवर पहारा ठेवणारा भाग, असतो. त्याने शून्य पत्त्यापासूनचा पट्टा वाचायला-लिहायला बंद केला, तर चूक घडताच फॉल्ट येतो आणि पत्ताही कळतो. एटमेगात ती सोय नाही, तिथे प्रत्येक पॉइंटर वापरण्याआधी स्वतःच तपासावा लागतो.