देव नसेल तर धर्म नाही?

आज जेवणाच्या सुट्टीत लंडनच्या क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर सायंटॉलॉजी या स्वतःला धर्म म्हणवणाऱ्या संघटनेच्या चर्चसमोरून जाताना आम्हा सहकाऱ्यांत वाद पेटला. जर्मन मैत्रीण ठाम होती: हा धंदा आहे, धर्म नव्हे. तिच्या देशात १९९७ पासून गुप्तचर खातं या संघटनेवर नजर ठेवून आहे. फ्रान्समध्ये २००९ मध्ये फसवणुकीबद्दल शिक्षाही झाली. उलट अमेरिकेने १९९३ मध्ये धर्मसंस्था म्हणून करमाफी दिली.

दुसरा म्हणाला, "ज्यात देवाची पूजा नाही तो धर्म कसला?" तिथे मात्र मला राहवलं नाही. माझ्या आजोबांनी १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली. आमच्या घरात देव नाही, धम्म आहे. आणि सायंटॉलॉजीच्या याच चर्चमधल्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, लग्न करता यावं म्हणून त्यांची एक अनुयायी तरुणी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये जिंकली. देव मानण्याची अट घातली तर बौद्ध आणि जैनही बाहेर पडतील, हे त्या निकालातच लिहिलंय. मला तो निकाल मनापासून पटतो.

पण पैशाचा मुद्दा मी सोडत नाही. 'ऑडिटिंग'च्या, म्हणजे त्यांच्या समुपदेशनासारख्या प्रश्नोत्तरांच्या सत्रांच्या, एकेका पायरीसाठी माणसं प्रचंड रक्कम मोजतात, बाहेर पडलेल्यांशी घरच्यांनी संबंध तोडल्याच्या तक्रारी आहेत. धर्म म्हणा, हरकत नाही. पण फसवणूक झाली तर खटला इतरांसारखाच चालला पाहिजे.

जर्मनीत राहणाऱ्या मित्रांनो, तुमच्याकडे लोक काय म्हणतात? लिहा नक्की.