उदारच्या विरुद्ध कोण?

परवा लेकीच्या अभ्यासात विरुद्धार्थी शब्द होते, उदारच्या पुढं तिनं कृपण लिहिलं. पुस्तकी उत्तर तेच आहे, मार्क मिळणारच, पण मला काही ते पटेना आणि तेव्हापासून डोक्यात हाच शब्द फिरतोय.

औदार्य हे उदारवरनंच झालं, सुंदरचं सौंदर्य होतं तसं. संस्कृतात उदार म्हणजे नुसता देणारा नाही, उंच, थोर असापण अर्थ आहे. आणि वसुधैव कुटुंबकम् सगळ्यांना पाठ असतं पण त्याच्या आधीचं 'उदारचरितानां तु' कुणी म्हणतच नाही! ज्यांचं वागणं उदार त्यांना सगळी पृथ्वीच घर, असं आहे ते. तिथं उदारच्या समोर कंजूष उभा नाहीये, 'लघुचेतस्' आहे, म्हणजे कोत्या मनाचा, हा आपला तो परका अशी मोजदाद करत बसणारा. पैसा धरून ठेवणं वेगळं आणि माणसं मोजणं वेगळं. जिवावर उदार झाला म्हणतो तेव्हा तरी पैशाचा कुठं संबंध असतो?

आमची आज्जी कोरेगाव तालुक्यातली, तिनं औदार्य हा शब्द जन्मात उच्चारला नसेल, ती म्हणायची हात सैल असावा. सुगीला खळ्यावर कुणीपण येऊ दे, ज्वारी द्यायची ती पायलीवर शीग चढवूनच, ती शीग तिनं हातानं पुसलेली मी कधी बघितली नाही, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागेल असं एक अक्षर बोलायची नाही, उलट बस की जरा, च्या घेऊन जा.

साताऱ्यात राहून हा शब्द निघाला की मला लक्ष्मीबाई पाटील आठवतात, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या, म्हणजे अण्णांच्या पत्नी. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्याला आणली, बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एकत्र जेवायची आणि पोरांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा ह्या माउलीनं दागिने तर दिलेच, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कुणाचं पोर, कुठल्या जातीचं, ही गणनाच नाही. दानशूर म्हणून भागत नाही हो इथं, इथं औदार्यच पाहिजे.

लेकीला म्हटलं परीक्षेत कृपणच लिही. पण वहीच्या कडेला पेन्सिलनं लघुचेतस् लिहून दिलंय.