बाबांच्या फायली

शनिवार, रात्र

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. १९९९ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवलेला. सेलेरॉन प्रोसेसर, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. बाबा निवृत्त झाले आणि रोज सकाळी पेपर वाचून झाला की त्याच्यासमोर बसू लागले. गावाबद्दल लिहीत. आमचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं, १९६०च्या दशकात. मी ते पाहिलेलं नाही. बाबांनी जे टाइप करून ठेवलं तेवढंच गाव माझ्या वाट्याला आहे.

घरात सगळ्यांना बटण दाबून बघायचं होतं. मी दाबू दिलं नाही. इतकी वर्षं पडून राहिलेल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर कधी दगा देतील सांगता येत नाही, आणि मला मशीन चालवायचं नव्हतंच. चार स्क्रू काढले, चाळीस पिनांची ती रुंद करड्या पट्टीसारखी केबल सोडवली आणि डिस्क हातात घेतली. अशी जुन्या पद्धतीची, म्हणजे आयडीई, डिस्क यूएसबीला जोडायचं अडॅप्टर आजही सहज मिळतं. मागचा जंपर, म्हणजे पिनांवरची इवलीशी टोपी, ‘मास्टर’वर आहे ना ते पाहिलं आणि वीज दिली. आधी बारीक घरघर, मग एकसुरी आवाज. फिरली.

फायली उघडायचा मोह आवरला. आधी डीडीरेस्क्यू लावून अख्ख्या डिस्कची प्रत काढायला घेतली. हा प्रोग्राम नीट वाचता येणारा भाग आधी उचलतो, जिथे अडतो तिथून पुढे सरकतो आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतो. कुठे अडला ते लिहूनही ठेवतो, त्यामुळे मधेच थांबवलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. म्हाताऱ्या डिस्कला उगाच फिरवत ठेवायचं नाही, एवढंच सूत्र. एका पट्ट्यात बराच वेळ घुटमळला, बाकी सगळं आलं. डिस्क पुन्हा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. यापुढचं सगळं काम प्रतीवर.

रविवार

‘गाव’ नावाचा फोल्डर सापडला. वर्डच्या फायली लिबरऑफिसमध्ये विनातक्रार उघडल्या, पण पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. काळजात चर्र झालं, खोटं कशाला बोलू.

कारण मात्र माहीत होतं. विंडोज ९८ला देवनागरी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा देणारी पद्धत, येत नव्हतं. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर आपले तुकडे बसवायचे: अर्धा क, काना, रफार, वेलांटी. फायलीत मराठी नसतेच, त्या तुकड्यांचे आकडे असतात, आणि ते आकडे वाचायची किल्ली म्हणजे तो एक फॉन्ट. बाबांचा फॉन्ट सी-डॅक या सरकारी संस्थेचा डीव्ही-टीटी सुरेख. तो विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर, जसाच्या तसा होता. नव्या लॅपटॉपवर टाकला आणि पान क्षणात मराठी झालं.

जुन्या कॉम्प्युटरवरून लोक ‘माय डॉक्युमेंट्स’ तेवढं उचलतात आणि डबा भंगारात देतात. मराठी लिखाण असेल तर कृपा करून असं करू नका. फॉन्ट फोल्डरही उचला. तो गेला की शब्द हातात असून वाचता येत नाहीत, आणि यापेक्षा वाईट हरवणं मला ठाऊक नाही.

एका फायलीवर तारीख १ जानेवारी १९८०. डॉसची तारीख तिथूनच मोजायला सुरुवात होते. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपली होती, तेव्हा बाबांनी लिहिलेलं हे. म्हणजे शेवटच्या काळातलं असणार. पाच-सहा ओळीच आहेत. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपाबद्दल सुरुवात केली आहे आणि वाक्य मधेच सोडलं आहे.

बुधवार

युनिकोडमध्ये आणायचं काम दोन संध्याकाळ चाललंय. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार अक्षरानंतर. युनिकोडला नेमकं उलट लागतं, म्हणून नुसतं आकड्याला आकडा बदलून भागत नाही, जागाही हलवाव्या लागतात. ते कन्व्हर्टर करतो. पण आपल्या मराठी ‘ऱ्या’ला तो साधा र समजला आणि ‘दऱ्यांखालची वरकस’ झाली ‘दर्यांखालची वरकस’. दर्या हाही शब्द खराच, त्यामुळे शुद्धलेखन तपासणी गप्प. वरकस म्हणजे नाचणी-वरीची डोंगरउताराची जमीन, तिथे दर्या कुठला! डावीकडे मूळ पान, उजवीकडे नवं, असं ओळ न् ओळ ताडून पाहते आहे.

सर्वांत मोलाची फाइल शेतांच्या नावांची. वाघजाईचं वावर, चिंचेची पट्टी, खालचं खाचर, जांभळीची कुमरी. कुठलं कुणाकडे, बांध कुठून कुठे, पाणी कुठून यायचं. तिथला सातबारा काढला तरी ही नावं मिळायची नाहीत. ती फक्त बोलण्यात होती.

आत्याला फोनवर वाचून दाखवली. ती मधेच म्हणाली, “थांब पोरी. चिंचेच्या पट्टीला लागून एक तुकडा हुता, आमी त्याला म्हातारीचं खाचर म्हणायचो. माझ्या आज्जीनं सोता दगडं काढून केल्यालं. ते दादानं लिवलं न्हाई व्हय?”

“नाही गं आत्या, यात नाही.”

“मग तू घाल की त्यात.”

बाबांच्या फायलीत काही घालणार नाही. त्यांचं सोडलेलं वाक्यही तसंच सोडलेलं राहील. आत्यासाठी वेगळी फाइल उघडली आहे, वर तिचं नाव आणि आजची तारीख. पहिली नोंद म्हातारीच्या खाचराची. तिला अजून तीन तुकडे आठवलेत, रविवारी जेवायला बोलावलंय, तेव्हा सांगणार आहे. बाबांच्या फायलीची मोठ्या अक्षरातली छापील प्रत घेऊन ये म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय.